भावकीच्या ग्रुपवर पडलेला फोटो

पलूसजवळच्या एका शाळेत मी पीटी शिकवते. आमच्याकडच्या मुली शाळा सुटली की पळणं सोडतात आणि लग्न झालं की चालणंही, याचा मला लय राग यायचा. म्हणून व्हॉट्सॲपवर गावातल्या मुली-सुनांचा ग्रुप काढला. पळून झालं की फोटो टाकायचा, न टाकणारीची दिवसभर खेचायची. व्यायामाचा कंटाळा येतो, मैत्रिणींत मागे पडायची मात्र लाज वाटते, एवढंच माझं शास्त्र.

सगळ्यात नियमित होती माझी धाकटी चुलतजाऊ. नवरा फौजेत, नवीनच लग्न झालेलं. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं, पण सासूला 'फिरायला जाते' एवढंच सांगितलेलं. साडीवर निघायची, मळ्यातल्या खोलीत ट्रॅकपँट घालायची आणि कालव्याच्या रस्त्याला लागायची.

एका सकाळी घाईत तिचा फोटो पडला भावकीच्या ग्रुपवर. ट्रॅकपँट, घामाघूम चेहरा, खाली 'आज सगळ्यांच्या पुढं'. त्या ग्रुपवर एरवी बारसं, सुतक आणि उसाची तोड, एवढंच येतं. तिने फोटो पुसेपर्यंत तिच्या चुलतसासऱ्यांनी, म्हणजे माझ्याच सासऱ्यांनी, तो बघितला होता. सुनेला आवर घाला, असं त्यांनी लिहिलं. बाकीच्यांनी नुसते हात जोडले, म्हणजे कुणाची बाजू घेतली ते कळायला नको.

ती रडत माझ्याकडे आली. आता फोन जाणार, भरती बुडाली, हेच चाललेलं. मी तिला घेऊन तिच्या सासूकडे गेले. बाई तिखट, त्यामुळे काय बोलायचं ते मी वाटेतच जुळवून ठेवलं.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. दिराचा मेसेज पुन्हा वाचायला लावला. मग सुनेला विचारलं, खरंच सगळ्यांच्या पुढं होतीस? तिने खाली बघत मान हलवली. बाईंनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि भावकीच्या ग्रुपवर बोलून पाठवायला कुठं दाबायचं ते विचारलं. मी दाबून धरलं.

"भावजी, माझा पोरगा पळून पळून फौजंत गेला, तवा तुमीच गावभर पेढं वाटलं. आता सून पळतीया. पेढ्याचं तेवढं बघून ठेवा."

घरी आले तर सासरे बाहेरच्या सोप्यात बसून तोच मेसेज ऐकत होते. संपल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला आणि चहा मागितला. इतक्या आनंदाने मी त्यांना कधीच चहा दिला नव्हता.