ट्रकखालचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका सुखी माणूस नागपुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर तोही कुठल्यातरी ट्रकखाली उताणा पडलेला सापडेल. व्याही पेशाने दातांचे डॉक्टर. घर मनीषनगरला, दवाखाना जरीपटक्यात, आणि जीव बुटीबोरीच्या रस्त्यावरच्या शेताच्या एका तुकड्यात, जिथे पत्र्याच्या शेडखाली त्यांचे दोन जुने ट्रक उभे असतात. थोरला चालतो, धाकटा थोरल्याला सुटे भाग पुरवतो. लोकांनी भंगारात काढलेली ही धुडं त्यांनी हौसेने घरी आणली. त्यांतून माल वाहायचा नाही की भाडं मिळवायचं नाही. नुसती दुरुस्ती करायची, आणि ती झाली की पुढचं काही बिघडेपर्यंत बेचैन राहायचं. "आठवडाभर माणसाचे दात, रविवारी गिअरचे," असं ते सांगतात. "गिअर बरा. दुखून राहिलं म्हणून बोंबलत नाही."

लेकीचं लग्न ठरवायला आम्ही नवराबायको गेलो, तेव्हा पाहुणे येणार हे ते साफ विसरले होते. विहीणबाई शरमून आम्हालाच शेडवर घेऊन गेल्या. तिथे होणाऱ्या व्याह्यांचे फक्त पाय दिसत होते. विहीणबाईंनी त्या पायांशी आमची ओळख करून दिली. ट्रकखालून नमस्कारासाठी एक काळाकुट्ट हात बाहेर आला, स्वतःची अवस्था बघून थबकला आणि आत गेला. मग आवाज आला, "मुलगी आमाले पसंत आहे जी. तो चौदा-पंधराचा पाना तेवढा सरकवा." मी पेटीत शोधत बसलो, हिने त्यावरचा आकडा वाचून पहिल्या झटक्यात तो हातात दिला. "घर समजदार आहे," असा खालून निकाल आला आणि लग्न ठरलं.

दवाखान्यातही त्यांचं ट्रकपुराण चालूच असतं. तोंडात कापूस कोंबलेला पेशंट म्हणजे त्यांच्या मते आदर्श श्रोता. दाताची कीड काढताना ते त्याला गिअरबॉक्स कसा उतरवतात हे समजावतात, आणि तो वेदनेने कण्हला की त्याला मुद्दा पटला असं धरून पुढे जातात. इंजिनाच्या मागच्या फटीत बघायला ते दातांचा छोटा आरसा वापरतात. दवाखान्यातून निवृत्त झालेला आरसाच ट्रककडे जातो, उलटा प्रवास कधीच होत नाही, हे ते प्रत्येक पेशंटला न विचारता सांगतात. त्यामुळे आजवर ज्याच्या मनात शंका नव्हती, तोही तोंड मिटून घेतो. ट्रकशी त्यांचं बोलणं मात्र एकेरीत आणि लाडाचं. सकाळी थोरला सुरू झाला नाही की बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "काहून रुसला गा?" विहीणबाईंनी हे सगळं कधीच स्वीकारलंय. त्या म्हणतात, "हे घरी आले अन् डिझेलचा वास नाही आला, तर मीच विचारते, बरं नाही वाटून राहिलं का म्हणून."

अशा माणसाचे उपकार आपल्यावर होतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या वर्षी ही गेली. लेक-जावई पुण्याला, त्यांनी खूप आग्रह केला, पण मी इथलं घर सोडलं नाही. घर सोडलं नाही म्हणजे अक्षरशः दारच ओलांडलं नाही. भेटायला येणारे धीर देत, देवाची इच्छा म्हणत, आणि ते गेले की मी पुन्हा त्याच खुर्चीत. एका रविवारी सकाळी व्याही आले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. दारातूनच व्याह्याच्या नात्याने हाक मारून म्हणाले, "इवाई, तुमचा एक पाय पाहिजे होता."

"काहून?" मी विचारलं.

"ब्रेकच्या नळीतली हवा काढाची आहे. मी खाली राहीन, वर पेडल दाबाले माणूस नाही. डोक्याचं काम नाही जी, निस्तं पायाचं."

डोक्याचं काम नाही म्हटल्यावर मी चप्पल घातली.

मी केबिनमध्ये, ते खाली. "दाबा," असा खालून हुकूम यायचा. मी पेडल दाबायचो. "धरा." मी पाय रेटून धरायचो, ते खाली बोल्ट सैल करत, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येई, ते पुन्हा आवळत. "सोडा" म्हटलं की मी सोडायचो. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. म्हणाले, हवा राहिली असावी. त्याच्या पुढच्या रविवारीही राहिलीच होती. ब्रेकमध्ये इतकी हवा नसते हे मला कळत होतं, पण मी विचारलं नाही. शनिवारपासून मी वाट बघायला लागलो होतो.

अशाच एका रविवारी, पाय पेडलवर रोवलेला असताना, काहीही कारण नसताना मला रडू फुटलं. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो. केबिनमध्ये बघायला कोणी नव्हतं, म्हणूनही असेल. आवाज खालपर्यंत गेला असणारच. खालून पान्याचा आवाज थांबला. ते बाहेर आले नाहीत, काही विचारलं नाही. तापलेल्या पत्र्याखाली, पाठीला माती लागलेली, ते तसेच पडून राहिले, कितीतरी वेळ. माझा पाय थरथरायला लागला तेव्हा खालून हलक्या आवाजात शब्द आला, "सोडा आता, इवाई."

त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आभार मानायला गेलो असतो, तर त्यांनी माझ्या हातात ग्रीसचा डबा दिला असता.

परवा थोरला बाहेर काढला. तुरी फुलल्या होत्या. बाजूने कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न देत पुढे जात होत्या आणि आमचा ट्रक एखाद्या म्हाताऱ्या सासऱ्यासारखा कोणाचं न ऐकता चालला होता. इतक्या उंचावरून कुंपणापलीकडचं शेत थेट दुसऱ्या बांधापर्यंत दिसत होतं. मला एकदम हिची आठवण आली आणि मी बोलून गेलो, "हिने आयुष्यभर माझ्या स्कूटरवर मागे बसून निस्ती माझी पाठ पाहिली हो. इथून तिला सगळं दिसलं असतं."

समोर रस्ता मोकळा होता, तरी व्याह्यांनी गिअर एक खाली घेऊन ट्रक हळू केला.