मामाच्या हातचा स्फटिकहार

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी अंगठीतसुद्धा खडा घातलेला नाही. उलट, विहारातल्या रविवारच्या सभेत वैज्ञानिक दृष्टिकोनावर कुणी बोलायचं असलं, की लोक मलाच उभं करायचे. (दुसरं कुणी तयार नसायचं, हा भाग वेगळा.) असा मी निवृत्तीनंतर श्रीरामपूरच्या आमच्या घरात जमिनीवर सतरंजी टाकून जांभळ्या, गुलाबी खड्यांची ब्रेसलेटं ओवत बसलो. तीही साधीसुधी नाहीत. मन:शांतीची.

दोष माझ्या नोकरीचा होता. सुप्याच्या एका कारखान्यात माझा सगळा जन्म माल तपासण्यात गेला. निवृत्त होऊन घरी आल्यावर तपासायला माल उरला नाही, तेव्हा मी घर तपासायला लागलो. कपाटाचं दार वाकडं आहे, कुकरची शिट्टी उशिरा होते, पोळी एका बाजूला जाड आहे. रात्री झोप येईना, म्हणून पंख्याचा आवाज तपासायचो. माझी बायको छाया विज्ञानाची शिक्षिका. पोळीला मी पट्टी लावली, त्या दिवशी तिने मला डॉक्टरकडे नेलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "यांना गोळी द्या नाहीतर काम द्या."

डॉक्टर म्हणाले, "हाताने काहीतरी करत जा. मन रमेल, झोप लागेल."

ही गोष्ट कर्जतला माझ्या बहिणीकडे, मंगलकडे पोचली आणि तिथून तिच्या मुलीकडे, प्रज्ञाकडे. प्रज्ञा पुण्यात नोकरी करते. तिने मला एक खोकं पाठवलं. त्यात रंगीत खड्यांचे मणी, तार, दोरा आणि एक छोटी पक्कड. फोनवर म्हणाली, "मामा, ओवत बसा. डोकं शांत होतं."

आणि खरं सांगतो, झालं. मणी उचलायचा, भोक शोधायचं, दोरा घालायचा. त्या भोकाएवढंच जग उरायचं. पहिलं ब्रेसलेट पूर्ण झालं त्या रात्री पंखा कसा वाजतोय ते मला कळलंच नाही. इथेच थांबलो असतो, तर ही हकीकत सांगायची वेळ आली नसती.

पण गाठ कशी मारावी हे बघायला मी मोबाईल उघडला आणि तिथे एक बाई भेटल्या. गाठीबद्दल त्या फार थोडं बोलल्या, ऊर्जेबद्दल फार. जांभळा खडा झोपेला, गुलाबी प्रेमाला, काळा नजरेला, आणि पांढरा स्फटिक दोन मनं जुळवून ठेवायला. मी पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा छायाला सांगायला गेलो.

"अगं, या जांभळ्यात कंपनं असतात म्हणे."

"कंपनं आपल्या फ्रीजमध्येपण आहेत," ती वह्या तपासता तपासता म्हणाली. "त्याला टेकून झोपा."

मला पटलं असतं, पण मध्येच शेजारच्या शेख भाभींची बकरी आली. भाभी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाईसाब, आमच्या बकरीला नजर लागली. दूध चोरते. तुमचा काळा पत्थर तिला चालेल का?"

वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या वक्त्याने इथे नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "गळ्याचं माप काय?"

संध्याकाळी भाभी पुन्हा आल्या. "भाईसाब, तिने माळ खाल्ली."

"सगळी?"

"धाग्यासकट."

मला घाम फुटला. पण दोन दिवसांत माळ ज्या वाटेने यायची त्या वाटेने बाहेर आली आणि बकरी दूध जास्त द्यायला लागली. छायाचं म्हणणं, की भाभींनी घाबरून बकरीला दोन्ही वेळ शेंगदाण्याची पेंड चारली होती. मी म्हणालो, पेंडीचं काही सांगू नकोस, खडा आतून लागू पडला. भाभींनी ही गोष्ट गल्लीभर केली आणि माझ्याकडे माणसं यायला लागली. कुणाला झोप हवी, कुणाला मुलाचं अभ्यासात लक्ष. मी त्यांची तब्येत विचारायचो, डोळे मिटायचो आणि खडा निवडायचो. (डोळे मिटायची गरज नव्हती. पण मोबाईलमधल्या बाई मिटायच्या.) मंगलच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, मी गुडघ्यासाठी हिरव्या खड्यांचं ब्रेसलेट दिलं. गुडघ्यासाठीचं ब्रेसलेट मनगटात का घालायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "ऊर्जेला रस्ता माहीत असतो."

एवढ्यात प्रज्ञाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. प्रज्ञा म्हणाली, "मामा, मला सोन्याचं काही नको. पांढऱ्या साडीवर तुमच्या हातचा स्फटिकांचा हार घालणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर दुसरं काही केलं नाही. मणी माप लावून निवडले. जन्माचा अनुभव कामी आला. फक्त दोऱ्यावरून घरात वाद झाला.

"मासे धरायचा तंगूस वापरा," छाया म्हणाली. "तो माशाने तुटत नाही, हाराने काय तुटेल? आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ मारा. तुटलाच तर एकच मणी जाईल."

"प्लॅस्टिकने ऊर्जा अडते. आणि गाठीने तर कोंडतेच."

"अहो, तो हार आहे, पाटाचं पाणी नाही."

मी ऐकलं नाही. नाजूक रेशमी दोरा घेतला आणि एकही गाठ न मारता, ऊर्जेला रस्ता मोकळा ठेवून हार ओवला.

लग्न कर्जतला, एका हॉलमध्ये. हॉलच्या दारात मी पाहुण्यांचं स्वागत करत होतो. नवऱ्या मुलाच्या आत्या आल्या. ठसठशीत बाई, सगळं सासर त्यांच्या शब्दावर चालणारं. झोप लागेल म्हणत मी त्यांच्या मनगटात स्वतःच्या हाताने जांभळं ब्रेसलेट घातलं आणि वर सांगितलं, "आणि आमच्या प्रज्ञाच्या गळ्यातला हार बघा. हा स्फटिक दोघांची मनं जन्मभर बांधून ठेवतो."

"असं व्हय," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी ते नीट लक्षात ठेवलं.

बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झालं. हार घालायची वेळ आली. मुलाने प्रज्ञाच्या गळ्यात फुलांचा हार घातला, त्या हाराची जरीची तार स्फटिकात अडकली, त्याने ती हळूच ओढली आणि ऊर्जा मोकळी झाली.

मणी फरशीवर असे पळाले, की जणू त्यांना बस गाठायची होती. मुलाचे चुलते बबनराव फुलांचं ताट घेऊन पुढे येत होते. त्यांचा पाय मण्यांवर पडला, ताट वर गेलं, बबनराव खाली आले आणि त्यांच्यावर फुलं पडली. माईक चालू होता, त्यामुळे बबनराव बसल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

मग आत्यांचा आवाज आला.

"हार घालायच्या टायमालाच तुटलं. मला काय हे बरं दिसंना."

"अक्का, दोरा तुटलाय," मुलाचे वडील म्हणाले.

"दोरा? ह्या मामांनीच सांगितलंय, त्यो हार दोगांची मनं बांधून ठेवतो म्हनून. मंग आता काय समजायचं?"

बायका कुजबुजायला लागल्या. मुलाचे वडील म्हणाले, "जरा थांबूया का? बसून बोलू." मंगलचा चेहरा प्रज्ञाच्या साडीपेक्षा पांढरा झाला. ती माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "दादा, काहीतरी बोल."

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मला ते बघणं सहन झालं नाही. मी जाऊन माईक घेतला.

"खड्यात काही नसतं," मी म्हणालो. "स्फटिक म्हणजे वाळूचा भाऊबंद. त्याला मनं जुळवता येत नाहीत आणि तोडताही येत नाहीत. दोरा कच्चा होता. गाठी मारल्या नव्हत्या. चूक माझी आहे, पोरांची नाही."

इतक्या वर्षांत माझं एवढं चांगलं भाषण झालं नव्हतं. पण श्रोतेही इतके तयारीचे नव्हते. आत्यांनी हात वर केला.

"मंग ह्ये काय घातलंय माझ्या हातात? झोप लागंल म्हनला हुता."

"मणी आहेत, आत्या. नुसते मणी."

पाठोपाठ दाजी उठले. खुद्द मुलीचे वडील. "पाव्हणं, मग माझ्या गुडघ्याचं काय? मला बरं वाटतंय त्यानं."

"दाजी, तुम्ही त्याच दिवसापासून जिना चढायचं बंद केलंय."

"हां," दाजी विचार करून म्हणाले, "ते बी हाय," आणि खाली बसले. मागून कुणीतरी हसलं. मग दुसरं हसलं. पहिल्या रांगेत छाया हाताची घडी घालून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी लग्नानंतर फार कमी वेळा पाहिलंय. अभिमान म्हणता येईल. सूडसुद्धा म्हणता येईल.

"मामा," प्रज्ञा म्हणाली, "बोलून झालं असेल तर मणी उचलायचे का? अजून कुणीतरी घसरेल."

मी खाली बसायच्या आधी नवरा मुलगाच गुडघ्यांवर बसला आणि पांढऱ्या कपड्यांनिशी मणी वेचायला लागला. प्रज्ञाही साडी सावरत बसली. दोघांची डोकी एका खुर्चीखाली एकमेकांवर आपटली आणि दोघं हसली. आत्यांनी ते बघितलं. म्हणाल्या, "चला, पुढचं घ्या. जेवनं निवायला लागली," आणि पायाशी आलेला एक मणी उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. जांभळं ब्रेसलेट मात्र काढलं नाही.

लग्न उत्तम लागलं. मी अजूनही ओवतो, पण तंगुसात, गाठी मारून, आणि तोंड बंद ठेवून. झोप लागते.

घरी आल्यावर मला खरी काळजी बबनरावांची होती. आठवड्याने त्यांचाच फोन आला. मी माफी मागायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "अवो मामा, ऐका तर. माझी कंबर लई दिवस धरली हुती. त्या दिवशी आपटलो आन् कट्‌कन सुटली. आता चांगला चालतोय."

आता कर्जतहून मला रोज फोन येतात. ब्रेसलेट कुणालाच नको असतं. मामा पुढच्या वेळी मणी कुठे सांडणार आहेत, एवढंच विचारतात.