उलटा सातिया

पाच वर्षांचा होईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मग जो सुरू झालो तो थांबलोच नाही. आमच्या सोनाळ्यात पारावर माझी गोष्ट ऐकत बसलेल्या एका माणसाची मेथी बाजारात जायची राहिली आणि शेतातच फुलावर आली. तो अजून माझ्या नावानं बोटं मोडतो, पण त्या गोष्टीत वाघाचं पुढं काय झालं ते विचारायला येतोच.

मुका होतो तेव्हा घरच्यांनी काय करायचं ठेवलं नाही. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की पोर बोलतं, असं कोणीतरी सांगितलं. मग सातपुड्यात पोपटाच्या चोचीतून सुटलेला एकही पेरू असा नसेल, जो माझ्या पोटात गेला नाही. उपयोग शून्य. पेरू पाहिला की आजही मला पंख फुटल्यासारखं होतं.

आई मी अंगावर पीत होतो तेव्हाच गेली. मला वाढवलं बाईनं. थोरल्या बहिणीला आम्ही बाईच म्हणतो. मला काय पाहिजे ते माझ्या डोळ्यांवरून तिला कळायचं, म्हणून मला बोलायची गरजच पडली नाही, असं माझं मत आहे. मग तिचं लग्न झालं, घाटावर, चिखलीच्या बाजूला. आमच्या जिल्ह्यात माणसाची दोनच गावं असतात, घाटावरचं आणि घाटाखालचं. आम्ही घाटाखालचे. पोरगी घाटावर दिली म्हणजे परमुलखात दिली, असं तेव्हा होतं. ती गेली, वर्ष झालं, आणि एका सकाळी चुलीपुढे बसून मी म्हणालो, "बाई कवा येते?"

चहाचं पातेलं आजीच्या हातून सुटलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य ते.

ही गोष्ट मी हजार वेळा सांगितली आहे आणि दर वेळी त्यात काही ना काही घातलं आहे. कधी पातेल्याऐवजी आजीच पडली, कधी गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पण या गोष्टीला एक मागची बाजू आहे हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी बाईला दवाखान्यातून घरी आणलं. घरी नेलेलं बरं, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. ती मलकापुरात मुलाकडे राहायची. मी गेलो आणि सवयीप्रमाणे काहीतरी मोठं सांगायला लागलो. तिनं हात वर केला.

"बाबू, एक काम राह्यलं माह्यं," ती म्हणाली. "तू बोलत नव्हता ना, तवा म्या घाटावरच्या एका देवाले बोलली होती. मांगच्या भितीवर उलटा सातिया काढला. तू बोलाले लागला, अन् सरळ कराले मी गेलीच नाही."

सातिया म्हणजे स्वस्तिक. देवाला काही मागायचं असलं की देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवानं उलटा सातिया काढतात. उलटा म्हणजे डोक्यावर उभा केलेला नव्हे. सातिया डोक्यावर उभा केला तरी तसाच दिसतो. त्याचे हात नेहमीच्या उलट बाजूला वळवायचे. मागणं पुरं झालं की परत यायचं आणि शेजारी सरळ काढायचा.

मी म्हटलं, "तरीच माह्या तोंडून सारं उलटं निघते."

ती हसली, पण लगेच थांबली. "हासू नको. मी गेल्यावर त्यानं देल्लं ते वापस घेतलं तं?"

तिला मरणाची भीती नव्हती. तिला भीती होती की तिच्यामागे तिचा साठी उलटलेला, टक्कल पडलेला भाऊ पुन्हा मुका होईल.

गाव कोणतं, विचारलं. माहीत नाही. देव कोणता? आत अंधार होता, पण देव होता. नवी सून म्हणून सासरच्यांनी बैलगाडीत घालून कुठल्यातरी लग्नाला नेली होती, वाटेत देऊळ लागलं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. त्यामुळे तिनं देवळाचं शिखर पाहिलं नव्हतं, देऊळही नीटसं पाहिलं नव्हतं. पदराखालून दिसलं तेवढंच तिला आठवत होतं. काळा दगड, मागच्या भिंतीच्या पायाशी दगडी हत्तींची रांग, आणि त्यातल्या एकाची सोंड तुटलेली. त्या हत्तीच्या वर, कमरेच्या उंचीला, तिनं सातिया काढला होता.

घाटावर काळ्या दगडाची हेमाडपंती देवळं किती आहेत, हे देवालाही मोजून पाहावं लागेल. लोणारच्या तळ्याभोवती तर दगड फेकला की देवळावर पडतो. भाड्याची गाडी करून गावोगावच्या मागच्या भिंती पाहत हिंडणं आम्हा भाजीवाल्यांना परवडणारं नव्हतं. एसटी होती, पाय होते, देवळांच्या ओसऱ्या होत्या. नातवाची जुनी शाळेची सॅक घेतली. तिच्यावर एक हसरा निळा उंदीर होता. आत भाकरी, ठेचा, चादर, बाईनं दिलेली कुंकवाची पुडी. डोक्याला खताच्या दुकानात फुकट मिळालेली टोपी.

साकेगाव पाहिलं, सातगाव पाहिलं, मेहकर पाहिलं. लोक पुढून देवाला हात जोडतात, मी मागून भिंतीला. एका गावी दोन बायांनी मला चोर समजून हटकलं. मी त्यांना सांगितलं की मी सरकारचा हत्ती-तपासनीस आहे. त्यांनी चहा पाजला आणि गावातले सगळे हत्ती दाखवले, त्यात शाळेच्या भिंतीवर रंगवलेलाही दाखवला. लोणारला पुण्याचं एक जोडपं भेटलं. त्यांच्या पाठीवर माझ्या घराएवढ्या सॅका. ती मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही पण बॅकपॅकिंग करताय?" मी म्हटलं, हो, बॅक दुखून राह्यली, पॅक रिकामं झालं. त्यांनी मला दोन संत्री दिली.

रोज संध्याकाळी कुठल्यातरी सभामंडपात टेकून मी बाईला फोन करायचो आणि त्या दिवसाचं सांगायचो. मेहकरच्या बालाजीपुढे इतका वेळ मान वर करून उभा होतो की कबुतर काड्या घेऊन आलं. लोणारचं पाणी इतकं खारं की नुसतं पाहून माझ्या भाकरीला मीठ लागलं. ती ऐकायची. हसली की खोकला यायचा, मग तिची सून फोन घेऊन सांगायची, मामा, उरलेलं उद्या. रोज शेवटी बाई एकच विचारायची, सोंड सापडली का. रोज तिचा आवाज थोडा लांबून यायचा. मी गोष्टी वाढवत नेल्या. एक दिवस तर त्या तळ्यात मी देवमासा घातला. ती हसली नाही. देवमासा काय असतो ते तिला माहीत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

शेवटी ते देऊळ मेहकरच्या पुढे एका आडगावी सापडलं. आधी मी तिथून निघालोच होतो, कारण अख्खं देऊळ पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवलेलं होतं. काळा दगड शोधणाऱ्या माणसाला ते दिसणार कसं? टोपी काढून घाम पुसायला मागच्या बाजूला सावलीत बसलो, तर माझ्या गुडघ्याशी हत्ती. पिवळे. एकामागे एक. आणि त्यातल्या एकाला सिमेंटची नवी सोंड बसवलेली, वांग्याच्या देठासारखी वाकडी.

गुरव आला तो आधीच चिडलेला. भिंतीला टेकू नका, रंग आत्ताच दिलाय. मी सोंडेचं विचारलं. तो म्हणाला, तुटकीच होती, त्याच्या आजोबापासून तुटकी. रंगाच्या वेळी गवंड्यानं हौसेनं बसवली. मी तोंड उघडलं. एखादा दृष्टांत, स्वप्नात आलेला पांढरा घोडा, असं काहीतरी जिभेवर तयारच होतं. पण बाहेर आलं ते असं की मी लहानपणी मुका होतो, माझ्या बहिणीनं इथं सातिया काढला होता, आणि आता ती जायला टेकली आहे. एवढंच. माझ्या आयुष्यातली सगळ्यात तोकडी गोष्ट.

गुरवानं वाकून सोंडेवरची धूळ पुसली. "काढा," म्हणाला. "लहानसा काढजा पण." आणि आतून तांब्याभर पाणी आणून दिलं.

हत्तीच्या वर, कमरेच्या उंचीला, बाईच्या कुंकवानं मी सातिया काढला. सरळ. दोनदा हात फिरवून पाहिला की सरळच आहे. तिथं जुनं काहीच नव्हतं, नुसता पिवळा रंग. गुळगुळीत रंगावरून बोट घसरलं आणि एक हात जरा लांब गेला.

आता फोटो. बाईनं आधीच बजावलं होतं, "तुह्या तोंडासगट धाडजो. नाहीतं दुसऱ्या कोनाचा सातिया दाखवशीन मले." तिचंही चुकत नव्हतं. म्हणून मी टोपी परत घातली, मातीत गुडघे टेकले, माझं तोंड सातियाशेजारी आणलं, फोन स्वतःकडे वळवला आणि फोटो काढला. पाठवला.

थोड्या वेळात तिचाच फोन आला. किती दिवसांनी तिचा आवाज जवळून आला.

"बाबू, सापडला ना रे. उलटाच हाय अजून. माह्याच हातचा हाय, एक हात लांब झाला होता तवा, तसाच हाय."

मला काही कळेना. मी म्हटलं, "बाई, तो म्या आत्ता काढला. सरळ हाय तो."

"पाहून राह्यली ना मी. उलटा हाय. पुसू नको, हात बी लावू नको. ज्यानं मागलं त्यानंच सरळ करा लागते. मी येते."

फोन ठेवला आणि फोटो उघडला. सातिया उलटा होता. मी मान वळवून भिंतीवर पाहिलं, सरळ. फोनमध्ये पाहिलं, उलटा. मग टोपी दिसली. खताच्या दुकानाचं नाव फोटोत शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेलं होतं. स्वस्तातला फोन, स्वतःचा फोटो काढला की आरशासारखा डावं-उजवं फिरवून ठेवतो. जन्मात एकदा मी काही न वाढवता, काही न फिरवता काम केलं, आणि ते फोननं फिरवलं.

मेहकरहून चिखली, चिखलीहून बुलडाणा, मग घाट उतरून मलकापूर. वाटेत बसमध्ये मी कोणाशी बोललो नाही. कंडक्टरनं विचारलं, काका, बरं नाही का.

बाई उशीला टेकून बसली होती. शेजारी घडी केलेलं हिरवं लुगडं, त्यावर कुंकवाचा करंडा. सून दारातूनच डोळ्यांनी मला सांगत होती की काहीतरी करा. मी समजावायला बसलो. आरसा आणला. फोटो आरशात धरून दाखवला, बघ, सरळ दिसतो. ती म्हणाली, आरशात तं सारंच उलटं दिसते. टोपी दाखवली.

"टोपी उलटी घातली असशीन."

"बाई, टोपी उलटी घातली तं अक्षरं मागं जातीन, उलटी नाही होत."

"जलमभर तुह्या वाघा-हत्तीवर इस्वास ठेवला," ती म्हणाली, "अन् आज डोयानं पाह्यलं त्याच्यावर नको ठेवू म्हनतं?"

तिच्या तोंडावर काय होतं ते मी पाहत होतो. तिचा सातिया इतकी वर्षं, इतके पावसाळे झेलून तिथं वाट पाहत थांबला होता. माझ्याजवळ काय होतं? पिवळा ऑइलपेंट. मी म्हटलं, हो बाई, तुझाच आहे. चल, जाऊ. मग त्या भिंतीचं, त्या हत्तीचं असं वर्णन केलं की सूनही येऊन बसली. सिमेंटच्या सोंडेचं मात्र सांगितलं नाही.

भाच्यानं गाडी ठरवली. पाय लांब करून बसता येईल अशी. गाडी दारात यायची होती त्या सकाळी बाई उठली नाही. करंडा उशाशी होता.

तिच्या दिवसांत माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मी ठरवून गप्प नव्हतो. भेटायला आलेली माणसं माझ्याकडे पाहत, आता हा काही सांगेल म्हणून, आणि मी तोंड उघडायचो, तर आत काहीच नसायचं. पाण्याचा तांब्या पाहिजे तरी बोट दाखवायचो. सोनाळ्याहून आलेला तो मेथीवाला माझ्याजवळ कितीतरी वेळ बसला आणि वाघाचं न विचारताच गेला. बायका मागच्या खोलीत कुजबुजत. सातियाचं आता घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यानं वापस घेतलं, असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

तेराव्याचं जेवण झाल्यावर सून माझा फोन घेऊन आली. चांगली पोरगी आहे, तिला माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं. तिनं तो फोटो उघडला आणि म्हणाली, "मामा, यात एक बटन असते, पाहा. हे दाबलं का फोटो सरळ होते. मग सरळच दिसते सारं. सरळ करून ठेवू?" तिचं बोट काचेवर आलं.

"राहू दे वं," मी म्हणालो.

ती दचकली. खोलीतली सगळी माणसं वळली. आवाज घोगरा होता, जणू दुसऱ्याच कोणाचा, पण होता.

"राहू दे तसाच. तिले यायचं हाय अजून."