औदुंबराची मुळं आमच्या ड्रेनेजमध्ये

मंडळी, आजची सुट्टी चेंबरपाशी उकिडवं बसण्यात गेली. कंबर धरली आहे, तरी लिहितोय, कारण एक विचारायचं आहे.

कालपासून घरातलं संडास-बाथरूमचं पाणी तुंबलं होतं. म्हाताऱ्या आईला शेजाऱ्यांकडे जावं लागत होतं आणि दर वेळी ती संकोचाने अर्धी होत होती. सकाळी एकलहऱ्याहून प्लंबर आला. त्याने अंगण खणून मातीचा पाइप फोडला, तर आत मुळांची जाड वेणी. आमच्याच औदुंबराची.

"काका, झाड काढा. नाय तर पुढच्या वर्षी मी परत हायेच."

"मग तूच घाल कुऱ्हाड."

त्याने कानाला हात लावले. "दत्ताचं झाड! मी नाय बा. दुसरा कोणी बघा."

आई रोज त्या झाडाला तांब्याभर पाणी घालते. त्यावरच ते वाढलं, असं आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात ते आमच्या सांडपाण्यावर पोसलं होतं. मला कसंसंच झालं. आई मात्र ओट्यावरून म्हणाली, "अरे, आपली घाण पिऊन सावली देतंय ते, अन् त्यालाच तोडायचं?"

शेवटी उद्या भिंतीकडून नवा पीव्हीसी पाइप फिरवायचं ठरलं. म्हणजे आजची रात्रही आईला शेजारीच जाणं आलं. मघाशी ती तिकडून आली आणि तिने झाडाला दोन तांबे घातले. "आता त्याचं पाइपातलं पाणी बंद होणार ना," म्हणाली.

एवढ्या मोठ्या झाडाला दोन तांबे पुरतील का हो?