वेशीबाहेरची खोप

नव्या घरात कामच होत नाही, असं तुम्ही दोघंही फोनवर म्हणालात. तुमच्या आईने ते हसण्यावारी नेलं. मला, तुमच्या आजीला, हसू आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऐंशीच्या दशकातली, आमच्या आचऱ्याच्या घरातली गोष्ट. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, पण हंगामी. अकरावीचे वर्ग सुरू व्हायचे होते. एम.ए. झाले तर कायम होणार होते, नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला. बाहेरून परीक्षा दिली, पहिल्या खेपेला नापास झाले. सासरे म्हणाले, "आता एकदाच. मगे घर बघ."

घरच तर आड येत होतं. पुढच्या पडवीत सासऱ्यांचं किराणा दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे माजघर. माजघरातून गेल्याशिवाय कोणालाच कुठे जाता येत नसे. माझं टेबल तिथे होतं. त्यावर कोकमाच्या आगळाच्या बरण्या, कोणाची तरी छत्री, उन्हातून काढलेले कपडे. मी वेळापत्रक करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. त्यातला एकही तास कधी पाळला गेला नाही. पुस्तक उघडलं की दुकानातून हाक, "चाय ठेवा गो, पावणे इलेत!" एकच पान मी चार-चार वेळा वाचायची आणि शेवटी काय वाचलं ते सांगता येत नसे. एकदा न्हाणीघरात कडी लावून उभ्याने वाचलं, तर बाहेरून नणंद म्हणाली, "वयनी, थंय कॉलेज काढलंस काय?" सगळे हसले. मी आत तोंडात पदर धरून रडले. शाळेत मुलांवर उगाच ओरडू लागले होते. आपलं डोकंच बिघडलं आहे अशी माझी खात्री होत चालली होती.

परीक्षेला सव्वीस दिवस उरले आणि गावपळण आली. तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाचा कौल झाला की अख्खा आचरा गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. गावात चूल पेटत नाही, माणूस फिरकत नाही. मी सामानाची यादी केली आणि तांदळाच्या डब्यामागे पुस्तकं कोंबली. तुमच्या आजोबांनी वेशीबाहेरच्या कातळावर झावळ्यांच्या दोन खोपी उभारल्या. मोठीत चूल आणि माणसं, छोटीत सामान.

मी त्या छोट्या खोपीत तांदळाच्या डब्याला टेकून बसले आणि वाचू लागले. दुकान नव्हतं, माजघर नव्हतं, पाहुणे नव्हते. सगळं गाव पेज-भाताच्या एकाच जेवणावर खूश, भजनात आणि पत्त्यांत रमलेलं. तीन दिवसांत मी एक सबंध पेपर तयार केला. डोकं शाबूत होतं.

म्हणूनच तिसऱ्या दिवशी मला धास्ती बसली. देवाने परतायचा कौल दिला की निघायचं, नाही दिला तर मुक्काम वाढतो. बायका देवळाकडून येणाऱ्या निरोपाकडे डोळे लावून बसल्या होत्या. शेजारीण म्हणाली, "मास्तरणी, तू काय मागतंस देवाकडे?" कौल होऊ नये, एवढंच मी मागत होते.

कौल झाला. नगारा वाजला, लोक भराभर आवरू लागले. सासूबाई खोपीच्या तोंडाशी आल्या.

"उठ गो, भांडी भर."

"आई, मी येत नाही."

"देव परत इलो, गुरां परत निघाली, आणि तू हयसर काय जोगीण होतलंस?"

"त्या घरात माझं डोकं चालत नाही, आई. मी पुन्हा नापास होईन."

"माझां चलता?" त्या म्हणाल्या. मग मोठ्याने मुलाला हाक मारली, "ही खोप मोडू नको रे. शाळा सुटल्यार ही हयसर बसतली. सांजेचो भात मी लावतलंय."

"आये, लोक हसतले."

"हसांदेत. त्येंका दुसरां काय काम आसा?"

तेव्हापासून रोज शाळा सुटली की मी दिवेलागणीपर्यंत खोपीत वाचायची. झावळ्या वाळल्या, एक बाजू कोणाच्या शेळ्यांनी खाल्ली, तरी चाललं. परीक्षेला चार दिवस राहिले असताना एका संध्याकाळी पोचले तर आत सासूबाई बसलेल्या. हातात काही काम नाही. नुसत्या बसलेल्या.

"आई, काय झालं? भात कोण लावणार?"

"लावतीत कोण तरी. माकाय जरा बसाक होयां."

मला राग आला, हे तुमच्यापासून लपवत नाही. माझे चार दिवस आणि माझी जागा, एवढंच मला दिसत होतं. मी दाराशी बसून त्यांच्याकडे पाठ करून वाचत राहिले. त्या आडव्याही झाल्या नाहीत. ऊन कातळावरून उतरलं तशा उठल्या, "तू वाच" म्हणाल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मी पास झाले, कायमही झाले. पगार सुरू झाल्यावर मागच्या पडवीला भिंत घालून माझ्यासाठी खोली करून घेतली. टेबल तिथे हलवलं. आईंना कुठे बसायला जागा हवी, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. मी दार आतून लावून घेत असे, आणि त्या चहा बाहेर ठेवून, आवाज न करता, परत चुलीकडे जात.