डायरीतली तूर

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझी डायरी एसटीत राहिली.

खानदेशातून सुरतेला कामाला गेलेली आणि आजारी पडून परत आलेली माणसं, त्यातही एकट्या बायका आणि तृतीयपंथी, इथल्या दवाखान्यात पोचतात कशी आणि अडतात कुठं, हा माझा विषय होता. घरी मी 'सुरतेहून परतलेल्यांचं आरोग्य' एवढंच सांगायचे. वडील मान डोलवायचे आणि वर्तमानपत्रात परत डोकं घालायचे. धुळ्याहून आठवड्यातून दोनदा निघायचं, पारोळा, एरंडोल, कधी भडगाव, कधी अमळनेर. माणसांना भेटायचं, ऐकायचं, लिहायचं.

संमतीपत्रावर ठळक ओळ होती : तुमची ओळख कोणालाही कळणार नाही. त्यासाठी मी प्रत्येकाला पिकाचं नाव दिलं होतं. कपाशी, बाजरी, भुईमूग, मका. एकीनं मात्र स्वतःचं नाव स्वतः निवडलं.

ती एरंडोलला एका लहानशा गाळ्यात पिको-फॉल करायची. सुरतेत बारा वर्षं साड्यांवर खडे चिकटवायचं काम केलेलं. तिथं ती साडी नेसायची, बाईच्या नावानं राहायची. क्षयरोग झाला तशी परत आली. गावी भावाच्या घरात तिला पँट-शर्ट घालून, जन्माच्या नावानं राहावं लागे. "तुम्हाला काय म्हणू?" असं मी पहिल्या भेटीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "फोनवर भाऊ म्हन. गाळ्यामा अक्का." डायरीसाठी तिनं तूर निवडली. का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

अक्काला रेकॉर्डर नको होता, म्हणून तिचं सगळं हातानं लिहिलेलं. सुरतेचं औषधाचं कार्ड घेऊन ती इथल्या एका दवाखान्यात गेली. कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, समोर उभा माणूस तिसराच. खिडकीतल्या माणसानं तिला तीन वेळा परत पाठवलं. त्या गडबडीत गोळ्यांचा खंड पडला. शेवटी एका नर्सताईंनी स्वतः सुरतेला फोन लावून कागद जुळवून घेतले, तेव्हा गोळ्या परत सुरू झाल्या. तो सगळा भाग माझ्या प्रबंधाचा कणा होता. आणि त्याच डायरीत आणखी दोन पानं होती, तिच्या आईबद्दलची. ती तिनं एका दुपारी शिवण थांबवून, माझ्याकडे न बघता सांगितली होती.

तर त्या शनिवारी मी एरंडोलहून नाशिकला जाणाऱ्या गाडीत बसले. कापडी पिशवी वरच्या कप्प्यात ठेवली. धुळे आलं तेव्हा फोनवर आईशी बोलत होते, तशीच बोलत उतरले. रिक्षात बसल्यावर मांडी रिकामी वाटली. मी रिक्षा वळवायला सांगितली. पोचले तोवर गाडी सुटली होती.

स्टँडवरच्या नियंत्रण कक्षात साहेब जेवायला गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या माणसानं गाडी कुठली, किती वाजता, सीट कोणती हे लिहून घेतलं. "कंडक्टरला सापडली तर जमा होईल. सोमवारी या."

"सोमवारी?"

"उद्या गाडी परत येईल. पण साहेब सोमवारी आहेत."

तिथल्याच बाकावर बसून मी मार्गदर्शक मॅडमना फोन केला.  त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "खरी नावं होती का त्यात?"

"नाही मॅडम. नावांची यादी घरी कुलपात आहे. पण अक्काच्या पानावर गावाचं नाव लिहिलं का, ते आठवत नाही."

"बरं. पिशवी शोध. आणि ती सापडो न सापडो, त्यांना जाऊन सांग."

"सापडली तर सांगायची गरज आहे?"

"सापडायच्या आधी सांग," त्या म्हणाल्या.

रविवार उजाडला तसा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं : कुणीतरी ती डायरी उघडून अक्काच्या भावाच्या ओट्यावर बसलंय. फोन करण्यात अर्थ नव्हता, तिचा फोन घरात कुणीही उचलायचं. सकाळच्या गाडीनं एरंडोलला गेले. रविवारीही तिचा गाळा उघडा असे, लग्नसराई होती. ती एका हिरव्या साडीला फॉल लावत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगून टाकलं. बसून सांगायचा धीर नव्हता.

तिनं मशीनवरचा पाय थांबवला.

"डायरीमा मन्हं नाव शे का?"

"नाही. तूरच लिहिलंय सगळीकडे."

"आन् गावनं?"

"आठवत नाही, अक्का. खरंच आठवत नाही."

 मी मनात तयारी करून आले होते. ती मला जा म्हणेल, संमतीपत्र फाड म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. शेजारच्या टपरीवर तिनं हात करून दोन चहा सांगितले.

"सुरतमा माले घरमालकनी काढं, तवय बठ्ठा लोकेसले माहीत व्हतं, मालेच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तू सोताहून सांगाले उनी. बस खाली."

मी बसले. चहा आला. तिनं साडी बाजूला सारली आणि विचारलं, "सापडनी नही तं काय करशी?"

"तुमचं काही छापणार नाही."

"तसं नको. मंग त्या नर्सताईनं कोन लिखी?"

त्या नर्सताईंचं काम लिहिलं जावं असं ती म्हणेल, याची मला कल्पनाच नव्हती. परतताना डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं होतं, पिशवीचा पत्ता नसतानाच.

सोमवारी नियंत्रण कक्ष उघडायच्या आधीच स्टँडवर गेले. नियंत्रक साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी पिशवीचं वर्णन केलं : निळी, बंद तुटलेला, आत डबा, डायरी, दोन पेन. त्यांनी लोखंडी कपाट उघडून पिशवी टेबलावर ठेवली. डायरीला सुतळी बांधलेली होती. सुतळी माझी नव्हती.

"उघडली होती आम्ही," ते म्हणाले. "पत्ता सापडतो का बघायला."

"सापडला का?"

"नाही. तुम्ही शेतकी कॉलेजच्या का?"

"नाही. का?"

"कपाशी माहेरी परतली, बाजरीला पाळीचा त्रास, असं लिहिलंय. म्हटलं, हे कुठलं पीकशास्त्र." ते हसले, मग चष्मा खाली घेतला. "दुसरं पान वाचलं तेव्हा कळलं, ही माणसं आहेत. मग बंद केली. सुतळी मीच बांधली. दुसऱ्या कुणाला दिली नाही."

मी सही केली.  रजिस्टर ओढून घेत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "त्या तुरीचा खोकला थांबला का?"

"थांबला," मी म्हटलं. "वजनही वाढलंय."

"बरं झालं." आणि पुढच्या माणसाला म्हणाले, "बोला, कुठली गाडी?"

बाकावर बसून मी सगळी डायरी पान-पान चाळली. गावाचं नाव कुठंही नव्हतं. एका ठिकाणी 'गिरणा नदीपासून जवळ' एवढंच होतं, आणि गिरणेपासून जवळ कितीतरी गावं आहेत. मला इतकं हलकं वाटलं की समोरच्या हातगाडीवरून दोन भजीपाव घेतले आणि दोन्ही मीच खाल्ले. मॅडमना मेसेज केला : सापडली. त्यांचं उत्तर आलं : जेव आता.

पुढच्या शनिवारी डायरी दाखवायला म्हणून अक्काकडे गेले. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट केली. वाचता तिला येत होतं, पण माझं अक्षर लागत नव्हतं.

"दोन दिस विचार करत व्हते," ती म्हणाली. "बाकी बठ्ठं ऱ्हाऊ दे. ते मायनं पान माले परत दे."

माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं लिखाण त्या दोन पानांवर होतं. मॅडमना आवडलं होतं, मला तर पाठच झालं होतं. तिच्या हातातली डायरी मी आधी स्वतःकडे ओढून घेतली, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मग पानं शिवणीपासून सोडवून तिच्या हातात दिली. तिनं ती कात्रीनं बारीक कापली, अगदी सरळ रेषांत, आणि चिंध्यांच्या गोणीत टाकली. मग ड्रॉवरमधून दवाखान्याचा कागद काढून माझ्यापुढे धरला. थुंकीचा रिपोर्ट होता. निगेटिव्ह.

त्या दोन पानांत काय होतं, ते मी प्रबंधात लिहिलं नाही, आणि इथंही लिहीत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेवढं नेमकं हेरलं. "तुरीच्या लहानपणाबद्दल काहीच नाही. बाकी सगळ्यांचं आहे. हा भाग का सुटला?"

"होता सर. तिनं परत मागितला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी टिपलं आणि पान उलटून पुढचा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला येत होतं.