तबला डावीकडे बसतो

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढली आणि त्याचाच पगार घेतला. रिटायर झालो तेव्हा खोट काढायला घरात एकच माणूस उरलं होतं, बायको. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "अहो, काहीतरी छंद लावून घ्या, नाहीतर मी माहेरी जाते." तिचं माहेर वांगणीला, म्हणजे आमच्या बदलापूरच्या पुढचंच स्टेशन. धमकी खरी व्हायला वेळ लागला नसता.

मी तिचाच छंद उचलला. लग्नाआधी ती गाणं शिकायची, गुरूंच्या मागे तानपुरा घेऊन बसायची. मग मुलं, डबे, सासू-सासऱ्यांची दुखणी, यात ते राहून गेलं. तिने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे मीही कधी विचारलं नाही. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण रिकामा बसल्यावर एक गोष्ट डोक्यात शिरली, ती निघेना. तिला परत एकदा बैठकीत पहिल्या रांगेत बसल्यासारखं गाणं ऐकू यावं, शिरगावच्या आमच्या हॉलमध्ये, दुपारचा चहा घेत. बाकी मला काही नको होतं.

घरात जुना अँप्लिफायर आणि दोन स्पीकर होते. एक स्पीकर फ्रीजवर, दुसरा शोकेसमध्ये, वास्तुशांतीला आलेल्या भेटवस्तूंच्या मागे. मोबाइलची वायर लावली आणि एका बैठकीचं रेकॉर्डिंग सुरू केलं. बायको म्हणाली, "विहिरीत बसून गातायत का?"

मग मी उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या दुकानांच्या रांगेत एका सिंधी शेठचं ऑडिओचं दुकान आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठं एक खोकं काउंटरवर ठेवलं. "साईं, ये डॅक है. मोबाइलमध्ये गाणं नाही, नुसते आकडे असतात. हा आकड्यांचा आवाज बनवतो. स्टेज खुल जाएगा." स्टेज म्हणजे काय, हेही त्यानेच समजावलं. डोळे मिटले की गाणारा समोर, तबलजी एका बाजूला, पेटीवाला दुसऱ्या बाजूला, असे सगळे आपापल्या जागी दिसले पाहिजेत. मी म्हटलं, आमच्या हॉलमध्ये पाहुणे चारच्या वर गेले की पाचवा बेडरूममध्ये बसतो, तिथे स्टेज कुठे मावणार? तो म्हणाला, "मावेल."

खोकं लावलं. आवाज स्वच्छ झाला, हे मान्य करतो. पण स्टेज काही उघडलं नाही. तबलजी अजून फ्रीजवरच होता.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं होतं. दोष खोक्यात नव्हता, मांडणीत होता. मी अंबरनाथच्या एका फॅब्रिकेटरकडून दोन स्टँड करून घेतले आणि स्पीकर भिंतीपासून पुढे ओढून बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवले, तोंडं जराशी आत वळवून. लादीवरून आवाज घुमत होता म्हणून सतरंजी टाकली. समोरच्या भिंतीला सासूबाईंनी शिवलेली गोधडी टांगली. शेजारच्या काकू विचारून गेल्या की ती वाळत का नाही. स्पीकर आणि खुर्ची यांचा समान बाजूंचा त्रिकोण टेपने मोजला आणि खुर्चीचे चार पाय कुठे यायचे तिथे चिकटपट्टीच्या खुणा केल्या. आणि खरंच, एका दुपारी डोळे मिटले तर समोर माणसं बसलेली होती. माझ्यासारख्या दगडालाही ते कळलं.

पण पास करायचा अधिकार माझा नव्हता. तिला खुर्चीत बसवलं, रेकॉर्डिंग लावलं, विचारलं, "तबला कुठे आहे?"

"डावीकडे."

"पेटी?"

"उजवीकडे. आणि तानपुरा मागे. छान लागलंय हो."

मला इतका आनंद झाला की मी दोन वेळा चहा केला. एरवी मी चहा करत नाही.

मग रोज दुपारी हा कार्यक्रम. माझी तक्रार फक्त खुर्चीची. ती बसली की खुर्ची हळूहळू फिरायची. मी खुणांवर सरळ ठेवायचो, ही तिरकी करून डावीकडे तोंड करून बसायची. "अगं, त्रिकोण बिघडतो," मी म्हणायचो. ती म्हणायची, "बरं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा सरळ करायचो. क्वालिटी कंट्रोलमध्ये पहिला नियम हा की सेटिंगला हात लावायचा नाही, आणि आमच्या घरात नेमका तोच कोणी पाळत नव्हतं.

दिवाळीच्या आधी घर धुवायला काढलं. आमच्याकडे दिवाळीची साफसफाई म्हणजे पंख्याची पातीसुद्धा खाली उतरतात, मग माझी मशिनं कशी सुटणार? सगळ्या वायरी काढल्या, जुन्या बनियनने पुसल्या, पुन्हा जोडल्या. चिकटपट्टी निघाली होती, ती नव्याने लावली. तिला बसवून नेहमीचं रेकॉर्डिंग लावलं.

"तबला कुठे आहे?"

"डावीकडे," ती म्हणाली आणि चकल्या तळायला आत गेली.

मग मी बसलो. तबला उजवीकडे होता. डोळे मिटले, उघडले, तरी उजवीकडेच. उठून मागे बघितलं तर डॅकच्या मागची लाल पिन पांढऱ्याच्या जागी आणि पांढरी लालच्या जागी, म्हणजे डावा आवाज उजवीकडे आणि उजवा डावीकडे. मला हसूच आलं. मी "अगं ए" म्हणून हाकही मारणार होतो.

कारखान्यात आम्ही एक गोष्ट करायचो. इन्स्पेक्टर जागा आहे की नाही हे बघायला चांगल्या मालात एक बाद पीस मुद्दाम घुसवायचो. त्याने तो पास केला की समजायचं, हा बघून सांगत नाही. आज मी नकळत तोच पीस घुसवला होता आणि तिने तो पास केला होता. गाणाऱ्याच्या उजव्या हाताला तबला बसतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डावीकडे. हे कुठल्याही बैठकीला जाणाऱ्याला माहीत असतं. ते सांगायला ऐकावं लागत नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती कढईपाशी उभी होती. तिच्या डाव्या बाजूने हळूच म्हटलं, "चकली करपतेय." ती सोऱ्या फिरवत राहिली. मागून वळसा घालून उजव्या बाजूला गेलो आणि तेवढ्याच आवाजात म्हटलं, "चकली करपतेय."

"कुठे करपतेय? चांगली लाल झालीये," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला. "कधीपासून?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग झाऱ्याकडे. "डाव्या कानाचं म्हणताय? मागच्या पावसाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. तुम्ही उल्हासनगरहून खोकं घेऊन आलात, त्याच दिवशी. पण तुम्ही इतकं खुललेलं तोंड करून आलात की म्हटलं, राहू दे."

मी तिथेच ओट्याला टेकलो. मला रडू आलं, आणि ते तिने बघितलं. ती म्हणाली, "आता तेल गार होईल." त्या खुर्चीचंच सारखं डोक्यात येत होतं. बाई चांगला कान पुढे करून बसायची आणि मी रोज तिला सरळ करत होतो.

डॉक्टरांनी उजवा कान उत्तम असल्याचं सांगितलं. डाव्या कानाची नस गेलीये, ती आता येणार नाही. स्टेज कळायला दोन कान लागतात, एवढं मला त्या दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी वायरी काढायला लागलो. ती म्हणाली, "अहो, कशाला काढताय? मला गाणं ऐकू येतंय की. कोण कुठे बसलंय तेवढंच दिसत नाही. पिना तेवढ्या नीट लावा आणि खुर्चीत तुम्ही बसा."

आता खुणांवर माझी खुर्ची असते. ती माझ्या डावीकडे वेताच्या मोढ्यावर बसते, उजवा कान माझ्याकडे करून. रेकॉर्डिंग सुरू झालं की डोळे मिटते आणि विचारते, "तबला कुठे आहे?"

"डावीकडे," मी सांगतो. "तुझ्या समोर, खिडकीपाशी. पेटी उजवीकडे, शू रॅकच्या जरा अलीकडे."

"आणि तानपुरा?"

तानपुरा मला अजून नीट सापडत नाही. तरी मी सांगतो, "मागे, मधोमध. एक मुलगी बसलीये."

"हं," ती म्हणते. "तिला सांगा, पाठ सरळ ठेव."